टेस्टिंगचं लग्न

अभिमन्यूला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या बाबांचा टॉवेल पाण्यात बुडवत होता.

होटगी रोडवरच्या एका मंगल कार्यालयात माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. अक्षता पडल्या, आहेर झाले, बाबांना टॉवेल-टोपी मिळाली. ती नेहमीप्रमाणे माझ्या हातात कोंबून ते पंगतीला जाऊन बसले. मी पिशवी खुर्चीवर ठेवून मठ्ठा आणायला गेले. परत येऊन बघते तर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक सावळा, उंच मुलगा आमचा नवाकोरा टॉवेल उलगडून, त्याचं टोक पाण्याच्या ग्लासात सोडून एकटक बघत बसलेला.

"अहो, काय चाललंय?"

"पाणी पितोय का बघायलोय." त्याने मानही वर केली नाही. "पीत न्हाय ओ. बघा की, थेंब कसा वरच बसून ऱ्हायलाय."

"तो आमचा टॉवेल आहे."

"तुमचा?" आता त्याने वर पाहिलं. डोळ्यांत खरोखरची हळहळ. "मग तुमच्यासाठी वाईट वाटतंय."

मी चिडायला हवं होतं. पण मला हसू फुटलं, ते लपवायला मी मठ्ठ्याचा घोट घेतला आणि मला जोरदार ठसका लागला. त्याने घाईघाईने पाण्याचा ग्लास पुढे केला... टॉवेल बुडवला होता तोच.

"आमचे माग हायत," तो ओशाळून म्हणाला. "अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मानसिंग टॉवेल. लग्नाला गेलं की हात शिवशिवतात माझे, कुणाचा माल आलाय बघायला."

"आणि दिसेल तो टॉवेल बुडवता?"

"सगळे न्हाय. ज्याचा लई संशय येतो तेवढेच."

तेवढ्यात मांडवात गलका झाला. नवऱ्या मुलाच्या एका मामांना पूर्ण पोशाखाऐवजी टॉवेल-टोपीवर बोळवलं होतं, आणि ते चप्पल घालून फाटकापर्यंत पोचले होते. चार माणसं त्यांच्यामागे पळत होती.

"हर लग्नात हेच," अभिमन्यू म्हणाला. "कुणाला काय मान द्यायचा, ऐन टायमाला कुणाच्या ध्यानात ऱ्हात न्हाय. मग मांडवातनं आमाला फोन. पाव्हणं रुसलंय, माल पाठवा."

"याचं अ‍ॅप करता येईल," मी सहज बोलून गेले.

"तुमी करता?"

"तोच माझा धंदा आहे. मोबाइलवर कुठलं बटण कुठे असावं, माणसानं आधी काय दाबावं, हे मी ठरवते."

"आन माणूस तेच दाबतो?"

"तेच दाबतो."

"आमच्या दादांना भेटला न्हाय तुमी अजून," तो म्हणाला.

दादा म्हणजे त्याचे वडील, मानसिंगराव. त्यांना मी पुढच्याच आठवड्यात अ‍ॅपचं बोलायला भेटले, कारण माझ्याकडे वेळच वेळ होता. पुण्याच्या ज्या कंपनीत मी होते तिने आमचा सगळा विभागच गुंडाळला होता आणि मी सोलापुरात घरी बसून आईचे टोमणे खात होते. पुण्यातल्याच दुसऱ्या एका कंपनीचं बोलावणं आलं होतं. हातातलं एक काम संपवून येते, असं मी त्यांना कळवून टाकलं. हातात तेव्हा काम नव्हतं, पण पांढरा शर्ट डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

मानसिंगरावांनी तरुणपणी ज्वारीचं रान भावाच्या हवाली करून शहरात माग टाकले होते. टॉवेलच्या लेबलवर त्यांचाच फोटो होता, भरघोस मिशांसकट. कंपनीच्या पेजवरही रोज सकाळी तोच फोटो पडायचा, खाली 'शुभ सकाळ'. मागचं चित्र तेवढं बदलायचं. कधी धबधबा, कधी गुलाब, कधी उगवता सूर्य.

"दादा, पेजवर आपण नुसतं बोलतोय," मी म्हणाले. "ग्राहक काय म्हणतोय ते ऐकायला पाहिजे. ब्रँड म्हणजे दोन्हीकडून बोलणं."

"गिऱ्हाईक काय म्हणणार? ते बी शुभ सकाळच म्हणणार की."

मी फोटोच्या खाली पाहिलं, तर खरोखर तेच लिहिलेलं होतं.

शेवटी तडजोड झाली. फोटोच्या जागी मी नवं चिन्ह केलं, त्यातून चेहरा काढला आणि फक्त मिशी ठेवली, वर टॉवेलचा फेटा. मानसिंगराव बराच वेळ फोन दूर धरून बघत राहिले. "मी कुटं गेलो ह्याच्यातनं?"

"तुमी आता सगळ्याच टॉवेलांत हाय, दादा," अभिमन्यू म्हणाला. म्हातारा खूश झाला. एवढं गोड बोलणारा माणूस टॉवेल बुडवताना तेवढा कठोर कसा होतो, असं मला वाटून गेलं.

त्या बुडवण्याचाच मी उपयोग केला. अभिमन्यूने लग्नाच्या मांडवात टॉवेलचं टोक ग्लासात सोडायचं आणि मी ते शूट करायचं, एवढासा व्हिडिओ. लोकांना तो आवडला. खाली प्रश्न येऊ लागले. एकीनं विचारलं, रंग जातो का? मी पुण्यात शिकलेलं घोटीव उत्तर तयार करत होते, तोवर यानं लिहूनही टाकलं, 'पहिल्या धुण्याला थोडा जातो. पांढऱ्या कपड्यांत टाकू नका.' त्या बाईने घरच्या सगळ्यांसाठी टॉवेल मागवले. आणि मी... माझं काय, मला तो तिथेच आवडला. खरं बोलून मोकळा होणारा माणूस रोज कुठे भेटतो?

एका बाबतीत मात्र तो मोकळा होत नव्हता. माझ्याबद्दल त्याला काय वाटतं, हे विचारायची सोय नव्हती. मागांच्या खटखटाटात समोरासमोर बसूनही बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही एकाच टेबलावर बसून एकमेकांना मेसेज करायचो. 'चहा?' 'हो.' 'साखर?' 'कमी.' 'एवढं गोड बोलता, साखर कमी का?' मी वर पाहायचे, तर साहेब स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेले. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल.

अ‍ॅपचं नाव आम्ही 'मानपान' ठेवलं. लग्नघरच्यांनी पाहुण्यांची नावं भरायची, प्रत्येकापुढे त्याचा मान निवडायचा आणि 'मान कळवा' हे बटण दाबायचं. बटण दाबलं की पाहुण्याला निमंत्रण जाणार, आणि टॉवेल-टोपीची मागणी थेट कारखान्यात येणार. काम सोपं होतं. मन लावून केलं असतं तर केव्हाच संपलं असतं. पण अ‍ॅप संपलं की अक्कलकोट रोडला यायचं कारण संपणार होतं आणि पुण्याची गाडी पकडावी लागणार होती. म्हणून मी बटणाचा हिरवा रंग बदलून पोपटी केला. त्याने पोपटीचा परत हिरवा करायला सांगितला. मग मी अक्षर बारीक केलं, त्याला ते जाड हवं झालं. मी मनात म्हणायचे, किती किटकिट करतो हा. आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर.

"टावेल एका दिसात निघतो," मानसिंगराव म्हणायचे. "हे अ‍ॅप काय नऊवारी हाय का? तुळशीचं लगीन लागलं की सीझन सुरू. त्याच्या आत होईल का न्हाय?"

अ‍ॅप तपासायला एक खोटं लग्न लागतं. मी 'नवरदेव १' आणि 'नवरी १' अशी नावं टाकली होती. एके दिवशी उघडून बघते तर 'नवरदेव १' च्या जागी 'अभिमन्यू'.

हे काय, असं मी मेसेज करून विचारलं.

'टेस्टिंगला अवघड नाव लागतं. जोडाक्षर नीट बसतंय का बघितलं.'

मी विचार केला. बरोबर होतं. एकाच नावावर तपासणी पुरी होत नाही, म्हणून मी नवरीच्या जागी माझं 'वैजयंती' टाकलं. तेही बसलं. दोघांची नावं एका ओळीत मावत होती, आणि टेबलापलीकडे कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या होत्या.

त्यानंतर ते खोटं लग्न फार मनापासून तपासलं गेलं. जेवणात त्याने शेंगापोळी टाकली. मी खोडून जिलेबी लिहिली. दुसऱ्या दिवशी दोन्ही होती. बँडच्या रकान्यात मी 'नको' लिहिलं, त्याने 'हवा' लिहिलं, आणि संध्याकाळी तिथे 'नवरी म्हणेल तसं' असं होतं. ते वाचून मी फोन उलटा ठेवला आणि उगाच मागांकडे बघत बसले. पाहुण्यांचे नंबर हवे होते, म्हणून त्याने त्याच्याकडचे भरले, मी माझ्याकडचे. मान वाटेल तसे टाकले, बटण कुणी दाबणारच नव्हतं. तारखेशिवाय पुढचं पान उघडेना, तेव्हा मी कॅलेंडरवर बोट पडेल ती तारीख निवडली.

श्रावणातल्या एका सोमवारी मानसिंगरावांचा संयम सुटला. हे सगळं त्यांच्याच फोनवर चालवून बघायचं, असा त्यांचा आग्रह होता. आम्ही दोघं मागांच्या आवाजापासून दूर, फाटकाजवळच्या ओट्यावर चहा घेत होतो, अभिमन्यू गोदामात होता. त्यांनी चष्मा लावला, पानं सरकवली आणि म्हणाले, "सगळं तर झालंय की. हेच तेवढं दाबायचं ठेवलंय व्हय?"

"दादा, थांबा..."

'मान कळवा.' दाबलं. पुढे प्रश्न आला, 'पेजवरही टाकू का?' त्यांनी 'हो' दाबलं. त्या 'हो'ची जागा मीच ठरवली होती. मोठं, हिरवं, बरोबर अंगठ्याखाली, कुणाचं चुकू नये असं.

पहिला फोन आला धोंडीराम मामांचा. अभिमन्यूच्या आईचे सख्खे भाऊ. मानसिंगरावांनी तो स्पीकरवर टाकला.

"मानसिंगराव, पोराचं जमवलंत, लई बेस झालं. पण सख्ख्या मामाला टावेल-टोपी?"

"कुणाचं जमवलं?"

"आन तुमच्या चुलतभावाला फेटा. पेजवर सगळी यादी पडलीय, वाचतो की मी. मी येत नसतो लग्नाला."

मग फोन थांबेचनात. कुणाला शाल हवी होती, कुणाची टोपी मागच्या लग्नातली अजून बाकी होती. लग्न खरं का, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही. माझ्या फोनवर चंद्रव्वा आत्या आली. ती अक्कलकोटच्या पुढे दिलेली, निम्मं कानडी बोलते. "यव्वा, त्याचा टावेलचा व्हिडिओ बघितला की पेजवर. हुडगा, पोरगा चांगला हाय. पण वैजू, सर्वपित्री अमावास्येला लगीन लावायलीस? तुझ्या बापाला पंचांग कळत न्हाय का?"

मी कॅलेंडर उघडलं. बोट पडलेली तारीख पितृपक्षातली शेवटची होती. आमच्या धंद्यात तारीख म्हणजे नुसता आकडा असतो.

पेजवर लोक अभिनंदनावर अभिनंदन ठोकत होते. मानसिंगराव ते खालपर्यंत वाचत गेले. "शुभ सकाळला एवढे कदी आले न्हाईत," ते हळूच म्हणाले.

अर्ध्या तासात फाटकाशी बाबांची स्कूटर थांबली. माझे बाबा, अनिलकुमार, जिल्हा परिषदेत आयुष्यभर फायली हलवलेला माणूस. रागावले की ते ओरडत नाहीत, शुद्ध बोलतात.

"मला निमंत्रण प्राप्त झालं आहे," फोन पुढे धरून ते म्हणाले. "आपण सहकुटुंब उपस्थित राहून वधूवरांस आशीर्वाद द्यावेत. माझ्याच मुलीच्या लग्नाला मी सहकुटुंब उपस्थित राहतोय. कुटुंब विचारतंय, त्या दिवशी घरी स्वयंपाक करायचा की जेवण तिकडेच आहे."

"बाबा, ते टेस्टिंग होतं."

"टेस्टिंग." बाबांनी अभिमन्यूकडे पाहिलं. तो गोदामातून धावत आला होता, अंगभर कापसाचे तंतू. "मग खुलासा काढा. लेखी, त्याच पेजवर, सगळ्या पाहुण्यांना, संध्याकाळच्या आत. आणि वैजू, उद्यापासून इथे यायचं नाही. पुण्याला कळवून टाक."

त्यांचं चुकलं नव्हतं. लोक बोलणार होते, आणि लेकीचं नाव ते वाऱ्यावर कसे सोडतील? पण एक खुलासा, आणि सगळं संपणार होतं. शेंगापोळीही आणि जिलेबीही.

"माग बंद करा रे," आम्हा दोघांना आत केबिनमध्ये बसवून मानसिंगराव गरजले. "पोरांना डोकं चालवू द्या."

मी तिथे यायला लागल्यापासून पहिल्यांदाच सगळे माग थांबले. अशी शांतता पडली की बाहेर बाबांनी चहाचा कप बशीत ठेवल्याचं ऐकू आलं. कामगार आपापल्या जागी उभे राहिले, कान आमच्या केबिनकडे. दाराला पडदाही नव्हता. बोलायची सोय नव्हतीच, म्हणून मी पेजचा मसुदा उघडला. तो दोघांच्या फोनवर एकदम दिसत होता, एकाने लिहिलेलं दुसऱ्याला खोडता येत होतं.

त्याने लिहिलं, 'सदर विवाह हा केवळ चाचणीसाठी होता.'

मी 'केवळ' खोडलं. कानाला बरं वाटत नव्हतं.

त्याने 'चाचणीसाठी' खोडलं.

उरलं, 'सदर विवाह हा होता.' मी 'होता' खोडलं. वाईट वाटत होतं ते वाचून.

मग मसुद्यातच अक्षरं आली, 'खरंच जाणार पुण्याला?'

'अ‍ॅप झालं ना. आता इथे माझं काय काम?'

'हिरवा रंग मला पटला न्हाय अजून.'

'तुम्हीच मागितला होता हिरवा.'

'पोपटीला हो म्हणलो असतो तर तुमी दुसऱ्याच दिवशी काम संपवलं असतं.'

मी वर पाहिलं. तो माझ्याचकडे बघत होता. या वेळी स्क्रीनमध्ये डोकं घातलं नाही. म्हणजे ती सगळी किटकिट... म्हणजे हाही... मला रडू यायच्या बेतात होतं आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम कसं करायचं ते कळेना.

'मग खुलाशात काय लिहू?' मी विचारलं. 'खरं काय ते सांगा. तुम्हाला तर खरंच बोलता येतं.'

त्याने फोन टेबलावर ठेवला. घसा खाकरला. आणि त्या शांततेत, साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मला तुमच्याशी लगीन करायचंय. टेस्टिंगचं न्हाय."

बाहेर कुणाच्या तरी हातून बशी निसटली. ती बहुतेक बाबांची होती.

मी फोन ओढला आणि लिहिलं, 'खुलासा: पेजवर टाकलेल्या निमंत्रणातील तारीख चाचणीसाठी होती. तसेच मान चुकीचे पडले आहेत, ते सुधारून कळवण्यात येतील. बाकी मजकूर बरोबर आहे.' त्याने वाचलं. एक अक्षरही खोडलं नाही. मी पाठवून दिलं.

दारात बाबा उभे होते. हातात फोन, नाकावर चष्मा. त्यांनी खुलासा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा एकदा वाचला.

"भाषा ठीक आहे," ते म्हणाले. "पण वधूपित्याला आधी विचारायची पद्धत असते."

"विचारतो की आता," मानसिंगराव त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले. "चला बाहेर, बसून बोलू. तारीख मातर पंचांग बघूनच काढायची. ह्या दोघांच्या हातात कॅलेंडर द्यायचं न्हाय." जाता जाता ते कामगारांकडे वळले. "काय बघत बसलाव? चालू करा."

एकेक करून माग धडधडू लागले. खोली पुन्हा त्या खटखटाटाने भरून गेली. धोंडीराम मामांचं उत्तर पेजवर पडलं होतं, पोशाखाचं माप मागाहून पाठवतो म्हणून. अभिमन्यू टेबलाला वळसा घालून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. शर्टावर अजून कापूस होता.

"तुमाला कुठला महिना चालंल?" त्याने विचारलं.

मला स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी मी कानामागे हात धरला आणि मान हलवली, ऐकू येत नाही अशी. मग त्याला आणखी जवळ यावंच लागलं.